अमिगाच्या गोटेकला पेनड्राइव्ह दिसत नव्हता

अमिगा 500 या जुन्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअरवाला गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्हवरच्या डिस्क फाइल वाचणारा ड्राइव्ह) बसवला, जंपर (ड्राइव्हचा क्रमांक ठरवणारी छोटी टोपी) एस0 वर. पेनड्राइव्ह फॅट32 फाइल सिस्टिमचा होता, तरी एकही डिस्क दिसेना. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांड टूलमध्ये 'लिस्ट डिस्क' दिल्यावर घोळ कळला: जीपीटीच्या रकान्यात फुली. फाइल सिस्टिम बरोबर, पण पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग नोंदणारा तक्ता) चुकीचं, जीपीटी प्रकारचं. गोटेकला एमबीआर हा जुना प्रकार लागतो. नुसतं राइट क्लिक करून फॉरमॅट मारलं तर टेबल तसंच राहतं, म्हणून कितीही वेळा फॉरमॅट करा, फरक शून्य.

मग डिस्कपार्टमध्येच ओळीने या कमांड दिल्या: 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा नंबर, 'क्लीन', 'कन्व्हर्ट एमबीआर', 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=4096', 'फॉरमॅट एफएस=फॅट32 क्विक', 'असाइन'. डिस्कचा नंबर साइझवरून दोनदा ताडून बघा, नाहीतर 'क्लीन' न विचारता हार्डडिस्क साफ करेल. 4 जीबी भरपूर झाले.

तरीही एक गेम उघडेना. साध्या एडीएफ फाइलची (अमिगाच्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल) साइझ 9,01,120 बाइट्स हवी: 80 ट्रॅक, 2 बाजू, 11 सेक्टर, प्रत्येकी 512 बाइट्स. माझी फाइल भरली जेमतेम 6 लाख, डाउनलोड अर्धवट. पुन्हा उतरवली, चालू.