खोल डिशची चाकं बसवायचीत? मग मागचा एक्सल असा अरुंद करा

मागच्या चाकांना खोल डिश, म्हणजे बाहेरून बघताना आत खोल गेलेलं व्हील, हवी असते, पण नुसतं व्हील बदललं की टायर मडगार्डच्या बाहेर येतो, मग हबच, म्हणजे व्हील बोल्टने जिथे बसतं तो भाग, आत घ्यावा लागतो, म्हणजे एक्सल कापणं आलं. अमेरिकेत १९६७ ते ७० च्या मस्टँगवाल्यांचा यावरचा आवडता जुगाड म्हणजे १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल. डिस्क ब्रेक आयते, शाफ्ट ३१ स्प्लाइनचे, म्हणजे टोकाला ३१ खाचा असलेले, बोल्टांचं मापही आठ सिलिंडरच्या मस्टँगचंच, ५ बाय ४.५ इंच, म्हणजे ४.५ इंची वर्तुळावर पाच बोल्ट.

गंमत अशी की या एक्सलची डावी, म्हणजे तिकडची ड्रायव्हरची, ट्यूब लांब असते आणि उजवी आखूड. डावीतून साधारण ३ इंच काढले की तिथेही आखूड शाफ्टच बसतो, मग भंगारातून उजवीकडचा अजून एक शाफ्ट उचलायचा, नवीन बनवून घ्यायची कटकट नाही. रुंदी ५९.५ वरून साधारण ५६.५ इंचावर येते, मस्टँगचा मूळ एक्सल ५९.२५ चा, म्हणजे दर बाजूला १.३७५ इंच मिळाले.

पण कापायच्या आधी मापं, आणि व्हील-टायर हातात असल्याशिवाय कटर उचलू नका. चाक पालथं टाका, रिमच्या काठावर पट्टी आडवी ठेवा आणि तिथून हब टेकतो तिथपर्यंत मोजा, हा बॅकस्पेस. जुना ५ इंच आणि तेवढ्याच रुंद नव्या व्हीलचा ३.५ निघाला तर टायर जेमतेम अष्टमांश इंच बाहेर येईल, चालतंय. व्हील नुसतं बाहेरून रुंद आणि बॅकस्पेस तोच असेल तर मात्र टायर आत पाट्याकडे, म्हणजे लीफ स्प्रिंगकडे, सरकणार, तिथेच बरेच जण फसतात.

आता खोला. ऑइल काढा, कव्हर काढा, डिफरन्शियलच्या पिनचा लॉक बोल्ट सावकाश सोडवा कारण तो तुटायला टपलेलाच असतो, मग पिन काढून शाफ्ट आत ढकलला की त्याला अडकवून ठेवणारी सी-क्लिप सुटते आणि शाफ्ट बाहेर येतो. दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून लांबीतला फरक मोजा, तेवढंच कापायचं, कुणी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

ट्यूबवर लांबीच्या दिशेने एक रेघ मारा, नाहीतर टोक जोडताना फिरेल आणि ब्रेकचं ब्रॅकेट वाकड्या कोनात येईल. टोक कापा, मधला तुकडा काढा, कडांना उतार द्या.

वेल्डिंग नजरेने करू नका! हाउसिंगच्या (मधल्या डिफरन्शियलच्या घराच्या) आणि टोकांच्या बेअरिंगच्या जागी लेथवर बनवलेल्या चकत्या बसवून त्यातून सरळ जाड सळई घालायची, समोरासमोर चार टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे, मग थोडं थोडं वेल्ड, थंड होऊ द्यायचं, आणि सळई हाताने फिरतेय का ते दर वेळी बघायचं. अडकली तर ट्यूब ओढली गेलीय. हे काम मी तरी सराईत वेल्डरलाच देईन, घरचा हौशी वेल्ड इथे नको.

एक्सल पाट्यावर जिथे टेकतो ते जुने बैठे कापून नवे आधी फक्त टॅक करा, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर पिनियनचा (इंजिनकडून येणारा दांडा एक्सलला जिथे जोडतो त्याचा) कोन बघूनच पक्के करा. बेअरिंग आणि सील नवे टाका. भारतात करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत फेरफार करण्यावरचं बंधन, आडवं येतं, रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका.

शेवटी मागे दोन जाडजूड माणसं बसवून गाडी खड्ड्यातून हळू काढा आणि टायरच्या आतल्या बाजूला घासल्याची खूण आहे का ते टॉर्च मारून बघा.