ग्रामपंचायतीत माणूस ठेवताना-काढताना या चुका टाळा

निवडणूक झाली, पॅनल बदललं, की नवीन बॉडीला पहिली घाई कसली तर जुन्यांनी लावलेला पाणीवाला काढायची. आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीत हे मी जवळून बघितलंय. अकरा वर्षं व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, त्याला रात्री फोन करून सांगितलं उद्यापासून येऊ नको, ना नोटीस ना ठराव. नवीन पोराला कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा तेच माहीत नाही, खालच्या आळीत पाणी वाहून चाललंय आणि वरच्या वस्तीला चार दिवस थेंब नाही, बाया हंडे घेऊन ऑफिसच्या दारात, आणि जुना माणूस लेबर कोर्टात.

तर तोंडी काढणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कामचुकार असेल तर कारणे दाखवा नोटीस द्या, त्याचा लेखी खुलासा घ्या, चौकशी करा, मासिक सभेच्या अजेंड्यावर विषय ठेवा, मग ठराव. आणि आधीच तोंडी काढून बसला असाल तर इगो बाजूला ठेवून त्याला परत कामावर घ्या आणि प्रक्रिया पहिल्यापासून करा, कोर्टाने सांगायची वाट बघू नका.

लावतानाही तेच. महाराष्ट्राच्या 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात कर्मचारी नेमायचा अधिकार पंचायतीला आहे, एकट्या सरपंचाला नाही. किती माणसं घ्यायची ते लोकसंख्येवर ठरलेल्या आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या संख्येत, बसायला पाहिजे, कारण किमान वेतनातला सरकारी हिस्सा त्यातल्याच पदांना येतो, जादा लावलेल्याचा पगार गावाच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून जातो. आणि घरातलंच कोणी लावणार असाल तर आधी कलम 14 वाचा, पंचायतीच्या कामात किंवा नोकरीत सदस्याचा हितसंबंध निघाला तर सदस्यत्व जातं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो सेवापुस्तकाचा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीची नोंद ठेवायच्या पुस्तकाचा. कित्येक ठिकाणी ते उघडलेलंच नसतं, नाहीतर नेमणुकीच्या ठरावाची नक्कल नाही, भविष्य निर्वाह निधी कापला पण भरला नाही. जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन-चारच्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना 10 टक्के जागा राखीव आहेत, पण शिपायाची नोकरी कागदावर दिसतच नसेल तर त्याने सिद्ध काय करायचं? एका माणसाचं आयुष्य बदलू शकतं हो, आपल्या आळसापायी ते घालवू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याबरोबर एक दिवस बसा आणि सगळी पुस्तकं तपासा.

महिला कर्मचाऱ्यांच्या छळाची तक्रार आली तर गावकीत मिटवू नका. ग्रामपंचायतीत दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर ती तक्रार अशा तक्रारींसाठीच असलेल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिला तिथला रस्ता दाखवा.

आता गावकऱ्यांशी कसं वागायचं ते. वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्याआधी महिलांची वेगळी सभा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते, आणि तो झाला नाही की सभा तहकूब करून नंतर पाच-पंधरा लोकांत विषय उरकले जातात, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. इथेच लोकांचा विश्वास उडतो. नुसता व्हॉट्सॲपवर मेसेज टाकू नका, दवंडी द्या, वस्तीवर जाऊन सांगा, शेताची कामं बघून वेळ ठेवा.

आणि भर सभेत सफाई कामगाराला उभं करून झापू देऊ नका. लोक चिडलेले असतात, मान्य, पण तक्रार वहीत लिहून घ्या, तारीख टाका, पुढच्या सभेत काय केलं ते सरपंचाने स्वतः वाचून दाखवावं. कितीतरी वेळा खोट त्या माणसात नसतेच, घंटागाडीला डिझेल नसतं किंवा मोटार जळालेली असते आणि शिव्या तो खातो. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर आज कुठल्या आळीला किती वाजता पाणी आणि बंद असेल तर का, एवढं रोज सकाळी लिहा, पाणीवाल्याच्या दारात जाणारी निम्मी भांडणं तिथेच थांबतात.