द्राक्षांच्या गावात कुत्रं-मांजर सांभाळताना

पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठरतं, पट्टा येतो, वाडगा येतो. लसीची पुस्तिका मात्र कुणी उघडून बघत नाही. सुरुवात तिथूनच करा. प्रत्येक लसीच्या तारखेसमोर बाटलीवरचं छोटं स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी. आमचा बंड्या जिथून आणला, तिथे "सगळ्या लसी झाल्यात" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. पुस्तिकेत तारखा होत्या, स्टिकर एकही नव्हतं. डॉक्टरांनी नुसतं पान उलटलं आणि म्हणाले, पहिल्यापासून करू.

पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं असताना डिस्टेंपर, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची पहिली लस देतात. मग ते 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस. इतक्या वेळा कशाला, असं घरची मंडळी विचारतातच. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला नीट काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे सांगता येत नाही, म्हणून. तोवर पिल्लाला बागेत, मैदानात खाली सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. मांजर घराबाहेर पडत नसली तरी तिलाही लसी हव्यातच. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीचं मात्र पावसाळ्याआधी मुद्दाम विचारून घ्या. उंदरांच्या मुतातून हा आजार साचलेल्या पाण्यात येतो आणि माणसालाही होतो, त्यामुळे पूर ओसरल्यावर गोदाकाठच्या डबक्यांतून कुत्र्याला फिरवू नका.

जंतांचं औषध 3 महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, 6 महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर साधारण दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो. कुत्रं काट्यावर उभं राहत नसेल तर त्याला कडेवर घेऊन आपण उभं राहा आणि आपलं वजन वजा करा.

आता गोचीड. रविवारी पाच मिनिटं काढा. कुत्र्याला मांडीशी घेऊन बोटांनी उलट्या दिशेने केस विंचरत जा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात. मसुराएवढी गाठ हाताला लागली तर केस बाजूला करून बघा, पाय दिसतील. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल नको, काडी नको, बोटांनी चिरडणंही नको. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका. एवढ्यावर भागत नाही, कारण मादी भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याची झोपायची जागा, तिथल्या फटी आणि गोधडी साफ केली नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच बैठकीत ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. फिकट हिरड्या, ताप आणि जेवण सोडलेलं असेल तर गोचीडतापाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एक: कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजरीला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर तिच्या जिवावर बेतू शकतं.

नाशिककरांनी ज्याची खरी धास्ती घ्यावी ते दवाखान्यात नाही, आपल्या घरातच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-निफाडकडचा कुणी पाहुणा द्राक्षांची पेटी ठेवून जातो. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडीही भोवतात. खाल्ल्याचं कळलं की उलटी-जुलाबाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत ते इंजेक्शनने उलटी करवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका. बंड्याने देवापुढचा मनुकांचा प्रसाद उचलला तेव्हा आईचं म्हणणं होतं, "प्रसादच आहे, काही होत नाही." आम्ही तसेच रिक्षात बसलो.

कांद्याचंही तेच. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याशिवाय रस्सा होत नाही, आणि उरलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घालायची आपली जुनी सवय. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. त्याच्यासाठी भात वेगळा काढा, मसाला घालण्याआधी. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलही मांजरीला विषच.

एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा; चटका बसला तर तसेच घरी परता. आणि द्राक्षांची पेटी टेबलाखाली नको, माळ्यावर ठेवा.