थंडीत सासूबाईंचं करताना माझीच कंबर गेली होती, ती कशी सावरली

सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्या अंथरुणालाच आहेत, आणि मागच्या थंडीत माझ्यावरच आडवं पडायची वेळ आली होती. सोलापुरात दिवसा ऊन असतं पण पहाटे चांगलंच गारठतं, त्यात बेडसोअर (सतत पडून राहिल्याने अंगाला होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून दर 2 तासांनी कूस बदलायची, म्हणजे रात्रभर उठबस आणि सकाळी कंबर धरलेली. चिडचिड व्हायची, आईंवर आवाज चढायचा, मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

फरक पडला तो फिजिओवाल्या ताईंमुळे. त्या म्हणाल्या हात धरून ओढू नका, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी सुती चादर दुमडून अंगाखाली ठेवा, वर सरकवायचं असेल तर दोघांनी दोन बाजूंनी चादर धरा, गुडघे वाकवा आणि मग सरकवा. महिन्याभरात कंबर खूप हलकी झाली. रात्रही वाटून घेतली, 2 वाजेपर्यंत हे जागतात, पुढे मी. सलग चार तास झोप मिळाली की माणूस माणसात येतं, खरंच.

आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नणंद म्हणाली, वहिनी तुम्ही जाऊन या, मी बसते आईंजवळ. आधी नको नको केलं, अपराधी वाटत होतं. पण गेले, सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, तलावाकाठी अर्धा तास नुसती उन्हात बसले. आता दर रविवारी ती दोन तास येते.