गोचिडीचा ताप आणि रक्ततपासणी: या चुका टाळा

आटपाडीकडची एक मेंढपाळ बाई मुलाला घेऊन आमच्या लॅबमध्ये आली होती. पोराला पाचवा दिवस ताप, तळहातांवर आणि तळपायांवर बारीक लाल पुरळ. पिशवीत आधीचे विडाल (टायफॉइडची तपासणी), डेंग्यू, मलेरियाचे रिपोर्ट. आमची गोचिडीच्या तापाची आयजीएम (एका प्रकारच्या अँटीबॉडीची) तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजी गोचिडाचा ताप न्हाई न्हवं?"

हाच गैरसमज सगळ्यात महागात पडतो. ही तपासणी जंतू शोधत नाही. जंतूशी लढताना शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. त्या रक्तात दिसायला साधारण आठवडा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या निगेटिव्ह रिपोर्टवरून ताप गोचिडीचा नाही असं म्हणता येत नाही. चिठ्ठीवर ताप सुरू झाल्याची तारीख असेल, तरच त्या रिपोर्टचा अर्थ लागतो. ही जागा हमखास कोरी असते. डॉक्टरांनी लिहिली नसेल तर तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेऊ.

औषध रिपोर्टसाठी थांबवायचं नाही. संशय आला की डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू करतात, गरज असेल तर लहान मुलांनाही थोड्या दिवसांसाठी देतात. निगेटिव्ह रिपोर्ट पाहून गोळ्या परस्पर बंद करू नका. उशीर झाला तर हा आजार जिवावर बेततो.

खात्री हवी असेल तर २ ते ४ आठवड्यांनी दुसरा नमुना द्यावा लागतो. दोन्ही नमुने एकाच ठिकाणी तपासून अँटीबॉडीचं प्रमाण चौपट वाढलं, म्हणजे १:६४ चं १:२५६ झालं, तर निदान पक्कं. पोर हिंडू-फिरू लागलं की एका रक्तासाठी मजुरी बुडवून कोण येणार, हे मला कळतं. तरी या.

तपासणी कोणती, तेही विचारा. स्क्रब टायफस हा असाच दुसरा ताप गोचिडीमुळे होत नाही, चिगर नावाच्या बारीक किड्यामुळे होतो. त्याच्या किटवर गोचिडीचा ताप सापडेलच असं नाही. १९१६ पासूनची वेल-फेलिक्स तपासणी स्वस्त आहे, पण तिच्यात प्रोटियस या भलत्याच जंतूचे अँटीजन (अँटीबॉडी ज्याला चिकटतात ते घटक) वापरतात. त्यामुळे खरे रुग्ण सुटतात आणि कधी प्रोटियसच्या लघवीच्या संसर्गातही ती पॉझिटिव्ह येते. शिवाय, आयजीएम अँटीबॉडी काही महिने रक्तात टिकते. आजचा पॉझिटिव्ह रिपोर्ट मागच्या आजाराचाही असू शकतो.

गुरांचा गोचीड ताप वेगळा, त्याचे जंतू वेगळे. माणसाला हा आजार बऱ्याचदा कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडीपासून होतो, आणि चावल्याचं अनेकांना आठवतही नाही. म्हणून घरात कुत्रं आहे, वाड्यावर मेंढरं आहेत, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पुरळ दिसलं की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या बाईनं काढला होता, आणि डॉक्टरांनी तो बघूनच औषध सुरू केलं.