ग्रेड कमी आहेत, वय तिशीच्या पुढे गेलंय, तरी अमेरिकेत मेडिकलला अप्लाय करायचंय? मग हे या क्रमाने करा

अमेरिकेत मेडिकल स्कूल बॅचलर्स झाल्यावरच सुरू होतं, त्यामुळे बावीस वर्षांचा असो की छत्तीस वर्षांची, फॉर्म दोघांना एकच भरायचा असतो. पहिल्या वर्षाला लागणाऱ्यांचं सरासरी वय चोविसच्या आसपास असतं आणि दरवर्षी वर्गात तिशी ओलांडलेले, लेकरंबाळं असलेले, आधी आयटीत नाहीतर आर्मीत नोकरी केलेले लोक असतातच. म्हणजे वयाचं टेन्शन घेऊ नका. खरी अडचण ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे कॉलेजच्या मार्कपत्रकाची, आणि ती सुटते, पण सावकाश सुटते, दोन-तीन वर्षं हाताशी धरा. हे मी त्यांच्यासाठी लिहितोय जे इथे शिकले, घरच्यांच्या आग्रहाने इंजिनियरिंग घेतलं किंवा रात्री काम करून कॉलेज केलं, जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेड, २.६-२.८ वर अडकला आणि आता दहा वर्षांनी परत डॉक्टर व्हायचं मनात येतंय.

त्याआधी व्हिसाचं बघून घ्या. बहुतेक एमडी कॉलेजं (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज घेतात. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बीवाल्याचं कुटुंब) व्हिसावर असाल तर घेणारी कॉलेजं मोजकी, त्यात बहुतेक खासगी, आणि सरकारी लोन मिळत नाही. ग्रीन कार्डची रांग लागलेली असेल तर मधल्या काळात कोर्सेस आणि हॉस्पिटलमधली व्हॉलंटियरिंग करता येते, तो वेळ वाया जात नाही, पण पगारी काम करण्याआधी आपल्या व्हिसावर ते चालतं का हे वकिलाला विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता पहिलं काम, आपला खरा आकडा काढा. ट्रान्सक्रिप्टवर छापलेला जीपीए इथे उपयोगाचा नाही. एमडी कॉलेजांचा अर्ज ॲमकॅस नावाच्या सिस्टिममधून जातो आणि ते लोक तुमचा जीपीए त्यांच्या पद्धतीने नव्याने काढतात. एक्सेल उघडा आणि अमेरिकेत जिथे जिथे क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) घेतलं तिथला प्रत्येक कोर्स टाका, अगदी हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा कोर्ससुद्धा. एखादा विषय परत दिला असेल तर तुमचं कॉलेज नवाच ग्रेड धरत असेल, ॲमकॅस मात्र दोन्ही धरतं. डीओ ही ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची, एमडीच्या बरोबरीची पदवी. त्या कॉलेजांच्या सिस्टिममध्ये, म्हणजे आकोमासमध्ये, आधी परत दिलेल्या विषयाचा जुना ग्रेड गळायचा, पण २०१७ पासून ती सोय बंद झालीय, त्यामुळे कोणी जुना माणूस 'डीओला रिपीट केलं की झालं' म्हणाला तर ते आता लागू नाही.

एक्सेलमध्ये अजून एक कॉलम करा, सायन्सचा. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स या चारांचा जीपीए वेगळा निघतो आणि तो खूप बघितला जातो. इंजिनियर लोकांनी इथे नीट बघा, कॅल्क्युलस आणि फिजिक्स यात येतात, स्टॅटिस्टिक्सही येतं, पण सर्किट्स, प्रोग्रॅमिंग असले कोर्सेस साधारणपणे येत नाहीत. म्हणजे ज्याची गाडी सर्किट्समध्ये घसरली होती त्याचा सायन्सचा आकडा एकूण आकड्यापेक्षा बरा निघू शकतो.

आता गणित बघा, कारण इथेच लोकांची निराशा होते. समजा १२० क्रेडिट झालीत आणि जीपीए २.७ आहे. वर ३० क्रेडिट घेतली आणि सगळ्यात ए (म्हणजे ४.०) आणला, तरी एकूण जातो २.९६ वर. ६० क्रेडिट ए ने केली तर ३.१३. दोन वर्षं घासून एवढंच? हो, एवढंच. पण ॲमकॅसच्या तक्त्यात पहिलं वर्ष, दुसरं वर्ष असं करत प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ असते आणि पदवीनंतर घेतलेल्या कोर्सेसची स्वतःची एक ओळ असते. त्या ओळीत ३.९ दिसला, आणि तो ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिओलॉजी असल्या विषयांत दिसला, की वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस आता वेगळा आहे. जुने ग्रेड पुसता येत नाहीत, नवी ओळ मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपाचं मर्म त्या एका ओळीत आहे. तरी एकूण ३.० च्या वर न्यायचा प्रयत्न कराच, कारण बऱ्याच ठिकाणी त्याखालचे अर्ज माणसाच्या हातात जायच्या आधीच बाजूला पडतात.

कोर्सेस कुठे करायचे? झगमगीत नावाच्या पोस्ट-बॅक (पदवीनंतर सायन्सचे विषय करायच्या) प्रोग्रॅमच्या मागे लागू नका, त्यातले नावाजलेले बरेचसे प्रोग्रॅम चांगला जीपीए असलेल्या पण सायन्स न घेतलेल्या लोकांसाठी असतात, तुम्हाला ते घेणारच नाहीत. घराजवळची स्टेट युनिव्हर्सिटी घ्या, नॉन-डिग्री किंवा दुसऱ्या बॅचलर्सचे विद्यार्थी म्हणून. हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूलसारख्या ठिकाणी संध्याकाळचे वर्ग असतात, नोकरी करणाऱ्यांना ते बरं पडतं. कम्युनिटी कॉलेज स्वस्त आहे, सुरुवातीला चालेल, पण वरचे विषय चार वर्षांच्या कॉलेजात करा. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक मिळत नाही, ऑरगॅनिक झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्री नाही, म्हणून शून्यापासून सुरू करणाऱ्याला दोन वर्षं लागतातच, घाई करून ती एका वर्षात कोंबायला जाऊ नका. नोकरी सांभाळून पहिल्या सेमिस्टरला दोनच विषय घ्या आणि दोन्हीत ए आणा. इथे एक बी सुद्धा महाग पडतो, आणि मध्येच सोडलेला कोर्स जीपीएत धरला गेला नाही तरी ट्रान्सक्रिप्टवर दिसतोच.

स्पेशल मास्टर्स म्हणून एक प्रकार आहे, एका वर्षात मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखे विषय घेतात. फी दणदणीत असते, आणि मास्टर्सचे ग्रेड वेगळ्या खात्यात जातात, बॅचलर्सचा जीपीए त्याने तसूभरही हलत नाही. आधी बॅचलर्सच्या पातळीवर दुरुस्ती करा, तरी आकडा ३.० च्या आसपासच अडकला तर मग याचा विचार करा, आणि त्यातही ज्या कॉलेजचं मास्टर्स आहे तेच पुढे मेडिकलला इंटरव्ह्यू देतं का हे विचारूनच पैसे भरा.

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांसाठी एक भारी गोष्ट आहे जी खूप जणांना माहीतच नसते. तिथे ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट नावाचा कायदा आहे, दहा वर्षं किंवा त्याहून जुनी क्रेडिट बाजूला ठेवून नव्याने सुरू करता येतं आणि टेक्सासची मेडिकलची स्वतःची अर्जाची सिस्टिम ते मानते. ॲमकॅस मानत नाही. आणि जुनं टाकायचं तर सगळं टाकावं लागतं, चांगले ग्रेड ठेवून वाईट टाकता येत नाहीत, म्हणजे जुनी डिग्रीसुद्धा यात गेली, असं समजून दुसरी करायची तयारी ठेवायची.

ज्यांची डिग्री पुण्या-मुंबईची आहे त्यांचं प्रकरण थोडं निराळं. परदेशातल्या कॉलेजचे मार्क ॲमकॅस मोजत नाही, कोर्सची नोंद होते पण ग्रेड धरत नाहीत. म्हणजे एफवायला लागलेल्या एटीकेट्या इथल्या जीपीएत येत नाहीत. पण त्याच कारणाने तुमच्याकडे इथला जीपीएच नसतो, आणि बहुतेक कॉलेजं निदान ९० क्रेडिट अमेरिकेतली किंवा कॅनडातली मागतात, बऱ्याच ठिकाणी इथली पूर्ण डिग्रीच लागते. माझ्या ओळखीतली नाशिकची एक मुलगी, तिकडे बीएससी केलेली, मुलाला शाळेत सोडून थेट लॅबला जायची आणि दुपारी गाडीतच बसून फ्लॅशकार्ड पाठ करायची. तिला मी हेच सांगितलं की तुझी पाटी कोरी आहे, यावर पहिल्या दिवसापासून नीटच लिही. आकोमासमध्ये परदेशी ट्रान्सक्रिप्टचं इव्हॅल्युएशन चालतं, तिथे जुने मार्क दिसणार हे लक्षात ठेवा.

कोर्सेस चालू असतानाच पेशंटच्या जवळ जा. नुसतं डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं पुरेसं नाही, ते ४०-५० तास करा आणि त्यात शक्य असेल तर एखादा डीओ डॉक्टर असू द्या, काही डीओ कॉलेजं त्यांचंच शिफारसपत्र मागतात. बाकी वेळ हाताने करायच्या कामात घाला. इमर्जन्सीमध्ये स्क्राइब म्हणून नोट्स टाइप करणं, ईएमटी (अँब्युलन्सवरचं काम), नर्सिंग असिस्टंट, हॉस्पिसमध्ये शेवटच्या दिवसांतल्या माणसाजवळ बसणं. स्क्राइबचं काम मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं, पेशंट 'छातीत जरा जड वाटतंय' म्हणतो तिथून डॉक्टर कुठला प्रश्न विचारून कुठे पोचतो हे शेजारी उभं राहून रोज कळतं, आणि आपल्याला हे काम खरंच जमणार का हेही तिथेच समजतं. काहींना तिथे कळतं की नर्सिंग किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट) जास्त बरं, आणि ते लाखो डॉलर घालवायच्या आधी कळलेलं बरं.

मग एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. चार भाग, प्रत्येकी ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. विश्रांती धरून साडेसात तासांचा दिवस. एमडीला लागलेल्यांची सरासरी ५११-५१२ आणि जीपीए ३.८ च्या जवळ, डीओला साधारण ५०४ आणि ३.६ च्या आसपास. जीपीए कमी आहे म्हणजे हा स्कोअर सरासरीच्या वर हवा, एमडीसाठी ५१४ च्या पुढचं ध्येय ठेवा, डीओसाठी ५०८. परीक्षा कितीदा द्यायची यालाही मर्यादा आहे, एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा, आणि दिलेले सगळे स्कोअर कॉलेजला दिसतात. म्हणून 'एकदा देऊन बघू' असं करायचं नाही. अधिकृत सराव परीक्षा घड्याळ लावून, शनिवारी सकाळी, खऱ्यासारख्या द्या, सलग तीन-चार वेळा हवा तो आकडा आला की मगच बसा. सगळ्यात अवघड जातो तो कार्स नावाचा भाग, नुसते उतारे आणि त्यावरचे प्रश्न, सायन्सचा गंधही नाही. रोज थोडं अवघड इंग्रजी वाचणं, तेही महिनोन्महिने, याशिवाय मला तरी दुसरा उपाय माहीत नाही.

कॉलेजांची यादी करताना डीओला कमी समजू नका. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत 'एमडी का डीओ' विचारणारे काका-मामा असतात, त्यांना असू द्या. २०२० पासून दोघांची रेसिडेन्सीची, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगची, व्यवस्था एकच आहे, दोघांना सगळ्या प्रकारची प्रॅक्टिस करता येते, आणि डीओ कॉलेजं मोठ्या वयाच्या, सावरून आलेल्या विद्यार्थ्यांकडे जास्त मोकळेपणाने बघतात. एमडीत आपल्या स्टेटची सरकारी कॉलेजं आधी घ्या, ती स्थानिकांना झुकतं माप देतात. कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांचा रस्ता मात्र मी कोणाला सुचवत नाही. ॲडमिशन सहज मिळते, पुढे बरेच जण मध्येच गळतात, आणि २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागा वाटायची पद्धत) अमेरिकेतल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांना, डीओंपैकी ९२ टक्क्यांना जागा मिळाली तिथे परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्क्यांनाच मिळाली. हे ६७ टक्केसुद्धा तिथपर्यंत टिकलेल्यांपैकीच.

अर्ज मेमध्ये उघडतो, मेअखेर-जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो, आणि ॲडमिशन पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टची, म्हणजे सव्वा वर्ष आधी. जागा भरत जातात तशा इंटरव्ह्यूच्या जागा संपतात, म्हणून जूनमध्येच पाठवा, स्कोअर तोवर हातात असावा, म्हणजे एमकॅट उशिरात उशिरा एप्रिल-मेपर्यंत. काही राहिलं असेल तर एक वर्ष थांबा, अर्धवट अर्ज सप्टेंबरमध्ये पाठवण्यापेक्षा ते कधीही चांगलं. शिफारसपत्रं दोन सायन्सच्या प्रोफेसरांची, एक इतर विषयाचं, नव्या कोर्सेसच्या प्रोफेसरांना सेमिस्टर संपतानाच विचारा.

निबंधाला ५३०० अक्षरं मिळतात, स्पेससकट. त्यातली दोन-तीन वाक्यं ग्रेडवर खर्च करा, जास्त नाही. 'त्या काळात परिस्थिती फार बिकट होती' असलं मोघम काही नको. 'दुसऱ्या वर्षी आठवड्याला ३० तास गॅस स्टेशनवर काम करत होतो, अभ्यास मागे पडला. नोकरी सांभाळून नंतर केलेल्या ४० क्रेडिटमध्ये ३.९ आहे' असं सरळ लिहा, आणि मग पेशंटकडे वळा. अनुभवांसाठी ॲमकॅसमध्ये १५ जागा असतात, सगळ्या भरायलाच हव्यात असं नाही, तुमची दहा वर्षांची नोकरी तिथे अभिमानाने टाका.

पैशाचं आधीच घरात बोला. ॲमकॅसची अर्जाची फी पहिल्या कॉलेजला १७५ डॉलरच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाला ४५-५०, मग कॉलेजं स्वतःचे निबंध आणि स्वतःची फी मागतात, म्हणजे वीस-पंचवीस कॉलेजांना काही हजार सहज जातात. उत्पन्न कमी असेल तर फी असिस्टन्स प्रोग्रॅमला आधी अप्लाय करा, एमकॅटची फीसुद्धा त्यात कमी होते. शिक्षणाचा खर्च खासगी कॉलेजात राहण्याखाण्यासकट चार वर्षांचा तीन लाख डॉलरच्या वर जातो, आणि १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पूर्ण खर्चाएवढं मिळणारं सरकारी लोन मिळणार नाही, बाकीचं सरकारी लोन वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाखांपर्यंतच. उरलेलं खासगी लोनने किंवा बचतीतून, म्हणून फी बघूनच यादी करा. नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून ॲडमिशननंतरच्या सात-आठ वर्षांचा हिशेब मांडा, त्यात निदान तीन वर्षं रेसिडेन्सीची धरा, तिथे पगार मिळतो पण तास फार असतात.

वेटलिस्टवर नाव आलं तर गप्प बसू नका. एप्रिलअखेरीस एकाहून जास्त जागा धरून बसलेले लोक आपल्या जागा सोडतात आणि मे-जूनमध्ये यादी हलते, त्याच्या आधी नवे ग्रेड, नवं काम आणि 'बोलावलंत तर येणार' एवढं सांगणारं एक पानी पत्र पाठवा, कॉलेज अशी पत्रं घेत असेल तर. सगळीकडून नकार आला तर ॲडमिशन ऑफिसला फोन करून कशात कमी पडलो हे विचारा, काही जण खरंच सांगतात, आणि तोच अर्ज पुढच्या जूनमध्ये जसाच्या तसा परत टाकू नका. काही कॉलेजं दोन किंवा तीनदाच अर्ज घेतात, म्हणून आधी ती कमी भरून काढा, लागलं तर एक साल मध्ये जाऊ द्या.