ईआरसीपीची दुर्बीण आणि इन्फेक्शन: या चुका टाळा

नाशिकचा गंगापूर रोड असो की मुंबई नाका, ईआरसीपीसाठी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर उपचार) पेशंट दाखल करताना नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती आणि मेडिक्लेम चालेल का. आधीच्या पेशंटनंतर दुर्बीण धुतली कशी, हे कोणी विचारत नाही. पहिली चूक तीच.

ही पोट तपासायची साधी दुर्बीण नव्हे. ईआरसीपीच्या दुर्बिणीच्या, म्हणजे ड्युओडेनोस्कोपच्या, टोकाला एलिव्हेटर नावाचा छोटा हलता भाग असतो. तार आणि स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी छोटी नळी) पित्तनलिकेकडे वळवायचं काम त्याचं. त्याच्याच सांदीत पित्त आणि जंतू अडकतात, ब्रश तिथे नीट पोचत नाही. कात्र्या-चिमट्यांसारखा हा स्कोप 121 अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) टाकता येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त लगेच धुण्यावर, घासण्यावर, जंतुनाशक द्रावणावर आणि शेवटी कोरडं करण्यावर. घाण एकदा वाळली की सहजी सुटत नाही.

“स्कोप स्वच्छ आहे ना?” असं विचारलं तर “हो”च ऐकायला मिळणार. त्यापेक्षा विचारा: वाळवता कसा? स्कोपचं कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) शेवटचं कधी केलं? टोकाची टोपी डिस्पोजेबल आहे का? अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2019 मध्येच रुग्णालयांना अशा टोप्यांकडे वळायला सांगितलं. मात्र या चौकशीपायी प्रोसिजर लांबवू नका. पित्तनलिकेत पू झाला असेल तर थांबणं जास्त घातक.

घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, की सिन्नर-निफाडकडची मंडळी “एवढ्यासाठी परत नाशिकला कशाला” म्हणून गावातच अँटिबायोटिक सुरू करतात. मग कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि शक्यतो रक्ताचं कल्चर आधी, औषध नंतर.

उलटी चूकही होते. प्रत्येक ताप स्कोपमुळे नसतो. स्वतःच्या आतड्यातले जंतू, तुंबलेला स्टेंट, स्वादुपिंडाची सूज यांनीही येतो. कार्बापेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही न जुमानणारा जंतू निघाला आणि त्याच स्कोपच्या दुसऱ्या पेशंटमध्येही तोच सापडला, तर संशयाला जोर येतो.

तक्रार फक्त डॉक्टरवर ठोकणं ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात अशा स्कोपमधून जंतू पसरल्याचं उघड झालं, किमान दोघे दगावले. कंपनीच्या सूचनेप्रमाणेच स्कोप धुतले होते, असं रुग्णालयाने सांगितलं. पुढे 2018 मध्ये स्कोप बनवणाऱ्या ऑलिम्पस कंपनीने इन्फेक्शनचे आवश्यक अहवाल वेळेत न दिल्याचा गुन्हा अमेरिकेत कबूल केला; दंड आणि जप्ती मिळून 8.5 कोटी डॉलर भरावे लागले. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही उत्पादकाची जबाबदारी आहे. वकिलांना हे आधीच विचारा.

कागदांसाठी तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नियमाप्रमाणे केस रेकॉर्ड 72 तासांत मिळायला हवं. स्कोपचा सिरियल नंबर आणि त्या दिवसाची धुण्याची नोंद अर्जात नावानिशी मागा, कारण डिस्चार्ज कार्डावर ती बहुधा नसते. जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेलं बिल 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही.